आत्याबाईंचं मुसळ

माझ्या सासूबाई दाराला कडी घालायच्या, चार पावलं पुढे जायच्या आणि परत येऊन ती कडी दाबून बघायच्या. डब्याचं झाकण असो, पोलक्याचा हूक असो, नाहीतर स्टोव्हची पिन असो, स्वतः हात लावल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नसे. मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा दारातच आमच्या शालू-उपरण्याची गाठ सैल झाली होती. त्या पुढे आल्या, दोन्ही हातांनी गाठ करकचून आवळली आणि म्हणाल्या, "सांधा बसला. आता या आत." सासूचं मला उद्देशून निघालेलं हे पहिलं वाक्य.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचं सगळं आयुष्य जेऊर स्टेशनाच्या मागच्या क्वार्टरमध्ये गेलं होतं. मामंजी रेल्वेत सांधेवाले होते. रूळ जिथं फुटतात तिथला खटका ओढून गाडीला या लाइनीवरून त्या लाइनीवर घालायचं, हे त्यांचं काम. मामंजी गेल्यावर आत्याबाई सोलापुरात आमच्याकडे आल्या, पण सांधा काही त्यांनी जेऊरला ठेवला नाही. "गाडी कुटं जावी ते आपल्या हातात न्हाय. सांधा नीट बसला का, तेवडं आपण बघायचं," हे मामंजींचं वाक्य त्या कुठेही वापरायच्या. शेजारच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हाही हेच, आणि माझा भाऊ मॅट्रिकला आपटला तेव्हाही हेच. यात सांध्याचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती.

एरवी विचारायला मी भीत होते असं नाही. मला मनात एक आणि ओठांवर एक कधी जमलं नाही. माहेरी मला सगळे फटकळ म्हणायचे. सासरी कुणी म्हटलं नाही, कारण तिथं ती गादी आधीच भरलेली होती.

आत्याबाईंना दोन मुलगे. थोरले माझे यजमान, सोलापुरातच रेल्वेच्या हापिसात. धाकटे मधूभावजी इंजिनियर होऊन अमेरिकेला गेले ते बरीच वर्षं आलेच नव्हते. आत्याबाईंनी मात्र त्यांचं सगळं ठरवून ठेवलं होतं. श्रीपूरच्या साखर कारखान्यात त्यांच्या मावसभावाची ओळख होती. मधू येणार, तिथं साहेब म्हणून लागणार, दर रविवारी आईला भेटायला सोलापुरात येणार. "तिकडं शिकायला गेलाय, ऱ्हायला न्हाय," असं त्या पाणी भरताना नळावर सगळ्यांना सांगायच्या.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मधूभावजींचा एक मित्र सुट्टीवर आला होता, त्यानं त्यांनी पाठवलेलं एक खोकं आणून दिलं. खोक्यावर लांबलचक नाकाच्या, बसक्या, हिरव्यागार मोटारीचं चित्र. "काकू, मधूनं तिकडं अशीच गाडी घेतलीय. तिची ही लहान प्रतिकृती. तिकडं हिला मसल कार म्हणतात," असं सांगून चहा पिऊन तो गेला.

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत आत्याबाईंनी खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला. आत मोटार नव्हती. पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळ्यांत अडकलेले दरवाजे, चाकं, खुर्च्या, नळ्या, सगळा चुरा.

"मोडली की गं, शालन," त्या म्हणाल्या. "मेल्यानं विमानात कुटंतरी आपटली, आन् वर च्या पिऊन गेला."

मी कागद उलगडून दाखवला. तुकडे मुद्दामच सुटे असतात, आपण जुळवायचे, आपणच रंगवायचे, तोच खेळ. हे त्यांच्या गळी उतरवायला मला, मी शिकवते त्या शाळेतल्या सगळ्यात ढ मुलाला लागतो त्याहून जास्त वेळ लागला. "म्हंजे मोडकी वस्तू धाडायची आन् आयला म्हनायचं तू जोड?" मग खोक्यावरच्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आन् ते मुसळ काय म्हनत हुता?"

"मसल हो, आत्याबाई. दंडातली ताकद."

"मुसळात काय कमी ताकद असती?" त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरात त्या मोटारीचं नाव मुसळ पडलं.

यजमान म्हणाले, "आये, मी जुळवतो रविवारी." आत्याबाईंनी खोकं मांडीवर ओढून घेतलं. "माज्या लेकानं मला धाडलंय. मधू यायच्या आत मीच उभी करणार." भावजींनी पुढच्या हिवाळ्यात येणार असं कळवलं होतं. गाडी तयार दिसली की पोराचं मन इथं रमेल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. तसं त्यांनी मला बोलूनही दाखवलं. मी म्हणाले, "प्लास्टिकच्या खेळण्यावर कुणी नोकऱ्या सोडत नाही." त्यावर त्यांनी मला भाकऱ्या थापायला पाठवलं.

वाचता येत नसलं तरी कागदावरची चित्रं त्यांना कळायची. दुपारचं आवरलं की सुपात तुकडे पसरून खिडकीशी बसायच्या, तांदळातले खडे निवडावेत तसा एकेक तुकडा निवडायच्या. गोंदाची नळी त्यांनी पहिल्याच दिवशी खळ समजून बोटानं फासली. तो गोंद प्लास्टिक विरघळवणारा. गाडीच्या टपावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उठला तो कायमचा. नंतर त्या आगपेटीच्या काडीनं थेंब थेंब लावायला शिकल्या. दोन तुकडे दाबून धरून डोळे मिटून बसायच्या. बघणाऱ्याला वाटावं बाई जप करतेय. मग डोळे उघडून दोन्ही टोकं हळूच ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "बसला."

रंगासाठी आम्ही कोपऱ्यावरच्या सत्तय्याकडे गेलो. तो सायकली रंगवायचा आणि रिक्षांवर नावं काढायचा. त्यानं वाटीत हिरवा ऑइलपेंट दिला, बारीक ब्रश दिला आणि बजावलं, "अम्मा, टर्पेंटाइन घाला. जाड लावू नका." आत्याबाईंना ते चटकन पटलं. सारवणाचा पहिला हात पातळच असतो, नाहीतर पोपडे धरतात, असं त्यांनी त्यालाच उलट सांगितलं. एक हात देऊन त्या गाडीवर कोंबड्या झाकायचं डालगं घालून ठेवायच्या. आमच्याकडे हवेत गिरण्यांचा कापूस उडायचा, तो ओल्या रंगावर बसला तर गाडीला मिशा फुटायच्या.

एवढी काळजी घेणारी बाई, पण मे महिन्यात घोटाळा केलाच. पत्र्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. रंग लवकर वाळावा म्हणून त्यांनी मोटारीचं बॉनेटही कुरडयांच्या रांगेत नेऊन ठेवलं. सोलापूरचं ऊन, वर तापलेला पत्रा. संध्याकाळी कुरडया कडकडीत आणि बॉनेट पापडासारखं वाकलेलं. मी हसू आवरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. चांगलं चाललं होतं आणि मुसळ केरात, असं म्हणून गेले. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वाकडं बॉनेट तसंच गाडीवर बसवलं आणि म्हणाल्या, "इंजान दिसतंय की. दिसू दे. एवढं बारीक इंजान मी लावलं ते काय झाकून ठिवायला?"

खरी तक्रार झाली ती स्टेअरिंगवरून. आतल्या पट्टीला स्टेअरिंगसाठी भोक होतं, ते डाव्या बाजूला. कारखान्यातल्या माणसाची चूक झाली, अशी आत्याबाईंची खात्री पटली. त्यांनी दाभण तापवलं, उजवीकडे नवं भोक पाडलं आणि स्टेअरिंग तिथं पक्कं केलं. यजमानांनी पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "आये, तिकडं ष्टेरिंग डावीकडंच असतंय. रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाड्या जात्यात."

आत्याबाईंनी ऐकून घेतलं. चूक त्यांना कळली होती, हे मला दिसलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तिकडं असंल. ही गाडी हितं चालणार हाय."

यजमानांनी मान डोलावली. मीसुद्धा. हिरवंगार मुसळ देवाच्या फळीवर गणपतीशेजारी जाऊन बसलं, आणि रोज सकाळी एक फूल गणपतीला आणि एक वाकड्या बॉनेटवर पडू लागलं.

हिवाळ्यात मधूभावजी आले. अंगानं भरले होते, पण बोलणं तेच. आल्या आल्या त्यांनी गाडी उचलली, टपावरचा अंगठा पाहिला, बॉनेट पाहिलं, कुरडयांची गोष्ट ऐकून पोट धरून हसले. मग त्यांनी गाडीच्या खिडकीतून आत पाहिलं.

"आये, ष्टेरिंग उजवीकडं बसवलंस?"

"मग? हितल्या रस्त्यावर डावीकडं बसून चालवशील व्हय?"

भावजींचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी गाडी हलकेच फळीवर ठेवली. त्यानंतरचे चार-आठ दिवस ते आईसमोर बसायचे, तोंड उघडायचे आणि पाणी मागायचे. सगळ्यांना कळत होतं. मला असलं घुसमटणं सोसत नाही. एका जेवणात मी सरळ विचारलं, "भावजी, श्रीपूरचे लोक उत्तर मागतायत. तुम्ही परत यायचं म्हणताय की नाही?"

त्यांनी घास ताटात ठेवला. "न्हाय, वहिनी. मी तिकडंच ऱ्हायचं ठरवलंय."

यजमान माझ्याकडे बघत होते, मी आत्याबाईंकडे. त्यांनी तव्यावरची भाकरी उचलली आणि भावजींच्या ताटात वाढली. "घे," म्हणाल्या, "गरम हाय तवर खा." मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि मी चटणी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ जेऊरला जुनं क्वार्टर बघायला गेले. मी शाळेतून आले तर आत्याबाई खिडकीशी सूप घेऊन बसलेल्या. मांडीवर मोटार, हातात अंबाड्याचा आकडा. पुढची काच त्यांनी उचकटून काढली होती आणि आकड्यानं स्टेअरिंग सोडवत होत्या. इतका पक्का बसवलेला सांधा, सहज कसा सुटेल? मी म्हणाले, "आत्याबाई, राहू द्या की. कोण बघतंय आत?"

"त्यो बघंल," त्या म्हणाल्या. "गाडी तिकडं चाललीय. हिकडचा सांधा लावून ठिवला तर रुळावरनं उतरंल की." मग आकडा पुन्हा आत घालत म्हणाल्या, "तुजं मामंजी असतं तर मला रागं भरलं असतं. गाडी कुटं जावी ते मीच ठरवाय बसले."

स्टेअरिंग निघालं. आगपेटीच्या काडीनं गोंदाचा थेंब लावून त्यांनी ते डावीकडच्या मूळ भोकात बसवलं, धरून ठेवलं आणि डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात मोकळा नव्हता. मीच पदरानं पुसलं.

उजवीकडे दाभणानं पाडलेलं भोक आता उघडं पडलं होतं. मी म्हणाले, "थोडी कणीक भरते त्यात. वरून रंग दिला की कळायचंसुद्धा नाही."

आत्याबाईंनी गाडी माझ्यापासून लांब धरली. "भोक बुजवू नगं," त्या म्हणाल्या. "कदी माघारी आला तर बसवाय हुईल."

जायच्या दिवशी स्टेशनावर त्यांनी शेंगाचटणीच्या डब्याबरोबर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली मोटार भावजींच्या हातात दिली. रडल्या नाहीत. डब्याचं झाकण दाबून बघितलं. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाल्या, "डावीकडं बस. नीट चालीव."

काही वर्षांनी आत्याबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास नाही. भावजींना निरोप उशिरा मिळाला, ते थेट दहाव्याला पोहोचले. विधी आटोपल्यावर त्यांनी बॅगेतून लुगड्याची तीच गुंडाळी काढली. खरी गाडी त्यांनी केव्हाच विकली होती, पण ही त्यांच्या टेबलावरच असायची. हिरवा रंग अजून टवटवीत होता, टपावर अंगठा होता. कुठलाच सांधा हलला नव्हता.

बराच वेळ ते गाडी हातात फिरवत बसले. मग मला म्हणाले, "वहिनी, एक विचारू? आये इतकी टापटिपीची. तिनं ष्टेरिंग डावीकडं घेतलं, काच परत बसवली, सगळं केलं. मग हे उजवीकडचं भोक तेवढं तिनं उघडं का ठेवलं?"

यजमान माझ्याकडे बघत होते. त्यांना ठाऊक होतं, मला मनात एक आणि ओठांवर एक जमत नाही.

"कणीक संपली होती हो त्या दिवशी घरातली," मी म्हणाले.