दारातला पांढरा दगड

त्या दिवशी खडेमामांनी चहात साखर दोनदा घातली, तरी तो त्यांना कडूच लागला. भूविज्ञान आणि पर्यावरण विभागाच्या पहिल्या वर्षाला एकोणीस प्रवेश झाले होते आणि प्राचार्यांचा हुकूम होता की वीस भरले नाहीत तर वर्ग उघडायचा नाही. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. वर्ग उघडला नाही की तळमजल्यावरची टोकाची खोली संगणक विभागाकडे जाणार आणि तिथल्या बरण्या पोत्यांत भरल्या जाणार. संगणकवाल्यांचा एक माणूस तर परवाच येऊन भिंती मोजून गेला होता. मामांनी त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडून बसले.

मामा या खोलीचे परिचर. दहावीला दोनदा आपटले आणि विसाव्या वर्षी हातात झाडू आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन इथे आले, ते आता निवृत्तीला तीन वर्षं उरली तरी इथेच. बायको म्हणायची, "घरातल्या कपाटावर बोटभर धूळ असते ती दिसत नाही तुम्हाला, तिथले दगड मात्र रोज पुसता." ते खरंही होतं. पण त्या दगडांना कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका पोराने प्रयोगशाळेतला वजनाचा नाजूक काटा पाडला आणि मामांनी ते स्वतःवर घेतलं. पोरगं रडत म्हणालं, मामा, तुमचे उपकार कसे फेडू? मामा म्हणाले, नोकरी लागली की जिथे उभा राहशील तिथली मूठभर जमीन पाठव. पोराला बोगद्यावर नोकरी लागली आणि खरंच एक डबा आला. तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. पहिली नोकरी, पहिली मूठ. सोबत चिठ्ठी हवीच: कुठून काढलं, किती खोलीवरून, ओळख कोणी पटवली. चिठ्ठी नसली तर मामा बरणी फळीवर चढू देत नसत. अशा एकशे बारा बरण्या भरल्या होत्या.

साडेतीनला दाराशी पावलं वाजली. एक मुलगी बापाला अक्षरशः ओढत आणत होती. बाप वरच्या मजल्यावरून जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. त्याच्या नखांत पांढरं सिमेंट होतं, पँटला दोन्ही गुडघ्यांवर गोल डाग. विभागप्रमुख बाई प्राचार्यांकडे एक दिवसाची मुदत मागायला वर गेलेल्या, त्यामुळे किल्ला लढवायला मामा एकटेच होते.

"साहेब," बाप म्हणाला, "आम्ही संगणकाला नाव घालायला आलोय. हिचं डोकं फिरलंय म्हणून दोन मिनिटं इथे आलो."

"साहेब नाही हो, मी परिचर. बसा ना."

"बसलो की उठता येत नाही मला. मला एकच सांगा, हे शिकून करायचं काय? दगडच फोडायचे ना? तेवीस वर्षं तेच करतोय मी. फरशा बसवतो. गुडघे गेले माझे, आता हिचेही घालवू?"

मुलगी लालबुंद झाली. मामांची तीस-पस्तीस वर्षांची वाफ एकदम वर आली. हा प्रश्न! याचंच उत्तर तर त्यांनी चार भिंतींवर मांडून ठेवलं होतं आणि आजवर कोणी धड विचारलं नव्हतं.

"या इकडे," म्हणत त्यांनी पहिली बरणी ओढली. "हा बोगद्यातला. पुढचा दगड धरणार की कोसळणार हे हा पोरगा सांगतो, मग मशीन पुढे सरकतं. त्याने हात वर केला की तीनशे माणसं थांबतात. हा सुकवलेला गाळ, सांडपाणी तपासणारीने पाठवला. झाकण उघडू नका, मागच्या खेपेला शिपाई जेवला नाही दिवसभर! ही बंदरातली, समुद्राच्या तळाची. ही बघा, पुरात बुडालेल्या दुकानातल्या गालिच्यावरची माती. विमा कंपनीत आहे ती पोरगी. कुठे पाणी शिरेल, कुठे नाही, ते आधीच सांगते. आणि ही..."

"ही तर नुसती धूळ आहे," मुलगी म्हणाली.

"कीबोर्डमधली! उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करतो तो. म्हणाला, मामा, माझा पाय जमिनीला लागतच नाही, हीच माझी जमीन. चिठ्ठीवर खोली लिहिलीय अर्धा सेंटिमीटर."

बाप हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण हसू फुटलं. मग एका डबीतला खडू पाहून त्याने मुलीला विचारलं, हा इथे कसा? ती म्हणाली, बाबा, खडू मुळात दगडच असतो, कोणीतरी शिक्षक झालं असेल. मामांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू विसावा प्रवेश झालाच. ते एका फळीवरून दुसऱ्या फळीकडे जवळजवळ पळतच होते. डोंगर घसरण्याआधी गावाला कळवणारी, विहिरींची पातळी मोजत फिरणारा, खाण बंद झाल्यावर तिथे पुन्हा झाडं उभी करणारे नवरा-बायको. मामांचा घसा कोरडा पडला तरी तोंड थांबेना.

बापाने मात्र आता दाराकडे पाहिलं होतं. तिथे काचेच्या पेटीत एकटाच एक पांढरा दगड होता, विभागाची शान.

"आणि हा?"

"हा आमच्या सगळ्यात मोठ्या विद्यार्थ्याचा. आज एवढ्या मोठ्या खाणीचा प्रमुख आहे. संगमरवर. तेव्हाचे विभागप्रमुख, आमचे मोठे सर, त्यांनी स्वतः ओळख पटवून चिठ्ठी लिहिलीय."

बापाने न विचारता पेटीचं झाकण उचललं, दगड तळहातावर तोलला, अंगठा फिरवला आणि उजेडाकडे धरला.

"हा मार्बल नाही."

 मुलगी पुटपुटली, "बाबा, ठेवा ना ते." मामांच्या हातातली बरणी हातातच राहिली, कारण त्यांना हे ठाऊक होतं. एकवीस वर्षं ठाऊक होतं. पेटी पुसताना दगडाखालच्या काचेवर त्यांना ओरखडे दिसले होते. संगमरवर काचेला ओरखडत नाही, हे त्याच खोलीत दरवर्षी सर नव्या पोरांना शिकवताना त्यांनी ऐकलं होतं. मग त्यांनी काय केलं? काच उलटी करून ठेवली. ओरखडे खाली, गुळगुळीत बाजू वर. मोठ्या सरांना परिचराने काय सांगायचं?

आता "मार्बलच आहे" म्हणावं, तर समोरचा माणूस दगडातला दर्दी, खोटं लगेच ओळखेल. "नाही" म्हणावं, तर विभागाची शानच खोटी ठरली. दोन्हीकडून विसावा हातचा जाणार. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," मामा शेवटी म्हणाले आणि त्यांनी कपाटातून पातळ आम्लाची बाटली काढली. प्रयोगाचा संरक्षक चष्मा मुलीच्या डोळ्यांवर चढवला आणि ड्रॉपर तिच्या हातात दिला. आधी खऱ्या संगमरवराच्या तुकड्यावर एक थेंब. फस्सकन फेस आला. मुलगी "आई गं!" म्हणून हसली. मग पांढऱ्या दगडावर एक थेंब.

बाप गुडघे विसरून टेबलापाशी चक्क खाली बसला. तिघांची डोकी एकमेकांना लागली. थेंब नुसता पडून राहिला. दुसरा थेंबही तसाच.

"सांगितलं ना!" बाप ओरडला. "गारगोटीच्या जातीचा आहे हा. मार्बल म्हणून कापायला घेतला तर ब्लेड जळतं, दोन फुटांत जळतं!"

"क्वार्टझाइट," मुलगी हळूच म्हणाली.

बापाला एवढा आनंद झाला की त्याने टेबलावर थाप मारली. मग त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे एवढ्या मोठ्या सरांचं चुकलं. अशा लोकांच्या हाताखाली पोरगी घालू मी?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "त्यांचं एकदा चुकलं," मामा म्हणाले. "माझं एकवीस वर्षं चुकत आलंय." आणि त्यांनी काचेची गोष्ट सांगून टाकली. 

"मग बोलला का नाहीत?"

"दहावी नापास परिचर मी. माझं कोण ऐकणार?"

 जमिनीवर बसल्या बसल्या बाप तो दगड या हातातून त्या हातात घेत राहिला.

"साइटवर माझंही तेच होतं," तो म्हणाला. "इंजिनिअर म्हणतो मार्बल आहे, काप. मला कळत असतं. तरी मी गप्प बसतो, ब्लेड जाळतो आणि वर शिव्या खातो." त्याने मुलीकडे पाहिलं. "तू बोलशील?"

"बोलेन."

"समोर कोणी का असेना?"

"आत्ता तुमच्यासमोर नाही का बोलले? चार दिवस झाले, बोलतेच आहे!"

बापाने एक हात मुलीच्या आणि एक मामांच्या खांद्यावर टाकला. "उठवा मला. अर्ज कुठे भरायचा?"

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. फोटो सापडेना, सापडला तर डिंक सापडेना. कारकून खिडकी लावायच्या बेतात, मामांनी हात आत घातला तो काढेचनात. पाचला सात मिनिटं कमी असताना शिक्का पडला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वीस! वरून बाई उतरत होत्या, पडक्या चेहऱ्याने. मामांनी भर व्हरांड्यात ओरडून त्यांना आकडा सांगितला, तेव्हा त्या पायरीवरच बसल्या.

खोलीत परतल्यावर मामांनी कोरी चिठ्ठी काढली. मुलीने दगडाचं नाव लिहिलं. "ओळख कोणी पटवली" या ओळीवर तिने बापाचं नाव घातलं, तर तो म्हणाला, "ह्यांचंही घाल. त्यांना माझ्याआधी कळलं होतं."

तेवढ्यात बाई आत आल्या. उघडी पेटी आणि जुनी चिठ्ठी बाजूला पडलेली पाहून त्यांनी विचारलं, "मोठ्या सरांची चिठ्ठी कोणी काढली?"

"मी," मामा म्हणाले. "चूक होती ती, बाई."

आणि दगड परत ठेवण्याआधी त्यांनी काच उचलली, पुसली आणि ओरखडे वर येतील अशी ठेवली.