देवाजीने राखलेली भिंत

देवाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी पक्षाच्या तालुका कार्यालयात बसून बांबूंना झेंडे बांधत होतो. फोन त्याच्या मुलीचा होता. ती ऊर्जानगरला राहते, जावई वीज केंद्रात कामाला आहे. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलली आणि मग नुसता तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला. चार दिवस तो नागपूरच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून होता. त्याच्या डोक्यात बसलेला बांबू असलाच होता, टोकाला झेंडा बांधलेला. माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली. समोरचा कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, गाठ आवळा ना जी, ढिली राहून राह्यली." मी तो बांबू त्याच्या अंगावर भिरकावला आणि बाहेर पडलो. त्या कार्यालयात मी परत पाय ठेवलेला नाही.

देवाजी पेंटर म्हटलं की मूल-सावलीकडच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावात पोरगंही घर दाखवायचं. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, बुद्धविहारातलं धम्मचक्र, सगळं त्याच्या हातचं. पण त्याचा खरा हंगाम निवडणुकीचा. सगळ्या पक्षांची नावं तोच रंगवायचा आणि स्वतः कुठल्याच पक्षाचा नव्हता. आम्ही दोघं सातवीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी पक्षाचा तालुका सचिव झालो, आणि दर निवडणुकीला त्याच्या दारात जाऊन "चल बे, भिंती धरायच्या आहेत" म्हणू लागलो. भिंती धरायची त्याची एक रीत होती. अर्ज भरायच्या कितीतरी आधी तो गेरूचा डबा घेऊन निघायचा. घरात जाऊन विचारायचा, तेही घरधन्याला नाही, बाईला. ती हो म्हणाली की भिंतीच्या चारी कडांनी वीतभर आतून गेरूची रेघ ओढायची. दोरी नाही, पट्टी नाही, तरी सरळसोट. ती रेघ दिसली की भिंत धरली गेली, मग नाव कुणाचं का येईना. कुठल्याही पक्षाचा माणूस त्या रेघेच्या आत ब्रश लावत नसे. बाईलाच का विचारतोस म्हणून मी त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, "भिंत नवऱ्याची नसते बे. जे बाई तिले चुन्यानं पोतारते, तिची असते. पाच वर्सं तिलेच पाहा लागते ना ते थोबाड."

ही रेघ म्हणजे काही साधुसंतांचा कारभार नव्हता. आमच्याकडची निवडणूक म्हणजे हाणामारी, हे मी तीस वर्षं आतून पाहिलं आहे, आणि त्यातलं थोडं मी स्वतः केलंही आहे. एका विधानसभेला विरोधी पक्षाच्या चौघांनी देवाजीला त्याच्याच शिडीवरून खाली ओढलं. त्यांच्या मोहल्ल्यात त्याने आमचं नाव रंगवलं होतं, एवढाच गुन्हा. शिडीची एक पायरी उपटून त्यांनी त्याचं उजवं मनगट असं ठेचलं की पुढे त्या हाताने त्याला चहाचा कपही नीट धरता आला नाही. तो डाव्या हाताने अक्षर गिरवायला शिकला. पोरांसारखा पाटी घेऊन बसायचा. पुढच्या निवडणुकीला त्या चौघांपैकी एकाच्या घरावर तो त्यांचंच नाव रंगवताना दिसला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी भर चौकात त्याच्यावर ओरडलो, "काऊन करून राह्यला बे त्यांचं काम? लाज नाई?" तो शिडीवरूनच म्हणाला, "त्याच्या मायनं हो म्हटलं." मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र रोज माझ्या घरावरून जाताना सायकलची घंटी वाजवायचा.

मग पक्ष फुटला. वर मुंबईत काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमचे आमदार एका सकाळी विरोधात होते आणि दुसऱ्या सकाळी सरकारात. मी त्यांच्यासोबत गेलो. विचार वगैरे काही केला नाही. तीस वर्षं ज्या गाडीत बसत आलो तिच्यातच बसून राहिलो. कार्यालय कुणाचं यावरून खुर्च्या चालल्या. टेबल मोडलं, काचेच्या तसबिरी फुटल्या, एकाचा कान फाटला. ज्याच्या लग्नात मी अक्षता टाकल्या होत्या त्याच्या पोटात मी लाथ घातली आणि त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. कपाटातले कागद ज्याच्या हाती जे लागलं ते तो घेऊन पळाला. त्यात एक कागद होता भिंतींचा. गावातल्या चांगल्या भिंती कुठल्या, कुणाच्या घराच्या, कुठल्या तोंडाच्या, अशी यादी मीच माझ्या हाताने लिहिलेली होती. तिच्या झेरॉक्स प्रती दोन्ही गटांकडे गेल्या. चिन्हाचा वाद वर चालूच होता. खाली झेंडा तोच, गळ्यातला दुपट्टा त्याच रंगाचा, आणि आता भिंतींची यादीही तीच.

त्या यादीत सगळ्यात वर शेवंताबाईची भिंत होती. बसथांब्यावर उतरलं की समोर दिसते ती. तिचा नवरा मोहफुलं वेचायला गेला आणि वाघाने नेला. आमदार भेटायला आले होते, मीच आणलं होतं त्यांना. त्या भिंतीवर त्यांचंच नाव होतं, त्याच नावापुढे उभं राहून त्यांनी कॅमेऱ्यापुढे शब्द दिला, जंगलाच्या कडेने जाळीचं कुंपण आणि तिच्या मुलाला वनखात्यात काम. दोन्ही झालं नाही. वर्षभराने तिच्या दिराच्या बायकोवर धानाच्या बांधीत वाघाने झेप घेतली. ती वाचली, पण तिचा चेहरा... पाहवत नाही. त्या दिवशी शेवंताबाईने चुना कालवला आणि ते नाव एकटीने पोतारून टाकलं. देवाजी गेरू घेऊन तिच्याकडे गेला तेव्हा ती म्हणाली, "देवाजीभाऊ, या भिंतीवर आता कोनाचंच नाव नको. कोरी राहू द्याजा." त्याने बरं म्हटलं आणि तरीही चारी कडांनी गेरूची रेघ ओढली. ही रेघ पाहून कुणी हात लावणार नाही, असा त्याचा भरवसा होता. तीस वर्षांत रेघेच्या आत कोरी भिंत अशी कधी राहिलीच नव्हती. ती रेघ पाहून आम्हाला वाटलं, समोरच्या गटाने पेंटरला फोडलं. त्यांना वाटलं, आम्ही.

हे 'वाटलं' लिहिताना मी खोटं बोलतो आहे. मला माहीत होतं. देवाजी संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन सांगून गेला होता, "भास्कर, शेवंताबाईची भिंत यादीतून काढ. ते नाई म्हनते." मी म्हणालो, "काढतो." काढली नाही. विसरलो असंही नाही. बसथांब्यासमोरची भिंत आहे, बाई आज नाही म्हणते, उद्या हो म्हणेल, असा माझा हिशेबी विचार होता. देवाजी जाताना म्हणाला, "काढशील ना बे?" मी वैतागून म्हणालो, "काढतो म्हटलं ना!"

बाजाराचा दिवस होता, सकाळची वेळ. आमची गाडी शेवंताबाईच्या भिंतीपाशी पोचली तेव्हा समोरच्या गटाची गाडी तिथे उभी होती आणि त्यांचा माणूस रंगाचा डबा उघडत होता. बाहेरून आणलेला, त्याला रेघ काय कळणार. आमच्यातल्या कुणीतरी आई-बहिणीवरून सुरुवात केली. डबा उडाला. हां हां म्हणता बांबू निघाले. भाजीवाल्या बाया टोपल्या टाकून पळाल्या, वांगी पायाखाली चिरडली, कुणाच्या तरी नाकातून रक्ताची धार लागली. दुपट्टे सगळ्यांचे एकाच रंगाचे, त्यामुळे आपलाच आपल्याला हाणत होता. मी पुढच्या सीटवर बसून होतो. तेवढ्यात समोरच्या दुकानाची पाटी सोडून देवाजी धावत आला, डाव्या हातात ब्रश तसाच. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. "कोनाचीच नाई हे! बाईनं नाई म्हटलं! भास्करले विचारा... भास्करले माहीत हाय!" एकाने त्याला ढकललं. तो पडला, उठला, पुन्हा भिंतीला पाठ लावली. मग बांबू त्याच्या डोक्यावर बसला, एकदा, आणि तो बसत असताना दुसऱ्यांदा. नारळ आपटल्यासारखा आवाज झाला. मारणारा माझ्या मागच्या सीटवरून उतरला होता. मी दार उघडलं नाही. देवाजी माझं नाव घेत होता आणि मी दार उघडलं नाही.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, गर्दी होती, दिसलं नाही. समोरच्या गटानेही तेच लिहून दिलं, बांबू त्यांचेही निघाले होते. फुटल्यापासून आमचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

त्याला घरी आणलं त्या दिवशी दोन्ही गट आले, दोन्हीकडे घडी घातलेला तोच झेंडा. देवाजी आमचा, असं दोघांचंही म्हणणं होतं, आणि अंगावर झेंडा कुणी घालायचा यावरून त्याच्या अंगणात, त्याच्या पायाशी, कॉलरी धरल्या गेल्या. विहारातले लोक वंदना थांबवून पाहत राहिले. मग सुमनबाई, त्याची बायको, आतून आली. तिच्या हातात भिजवलेल्या चुन्याची बादली होती. ती तिने सरळ त्या झेंड्यांवर आणि झेंडे धरणाऱ्यांवर फेकली. "मारून सोडला न आता पांघरून घालाले आले? निघा! निघा माया अंगनातून!" माझ्या सदऱ्यावरही चुना उडाला होता. मी पुसला नाही. देवाजी पांढऱ्या कापडातच गेला.

तेराव्या-चौदाव्या दिवशी मी शेवंताबाईकडे गेलो. का गेलो, सांगता येत नाही. ती दारात सूप घेऊन बसली होती. भिंत कोरी होती, कडेने गेरूची रेघ, आणि कमरेच्या उंचीवर एक तपकिरी डाग. तिने तो पोतारला नव्हता. कुणी मारलं हे तिने विचारलं नाही. तिने दुसरंच विचारलं. "भास्करभाऊ, माया घराचं नाव त्या कागदावर कोनं लिवलं जी?" पोलिसांनी, पत्रकारांनी, कुणीच हे विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मी." ती सुपातले तांदूळ पाखडत राहिली. हात न थांबवता म्हणाली, "मंग जा, सांगा तिकडं." तिथून मी सरळ पोलीस ठाण्यात गेलो. मारणाऱ्याचं नाव लिहून दिलं, यादी कुणाची हेही लिहून दिलं. इथे ते नाव छापत नाही. त्या रात्री माझ्या घराच्या काचा फुटल्या आणि फोनवर जे ऐकलं ते लिहिण्यासारखं नाही. भीती वाटते. वाटत नाही असं कशाला म्हणू?

माझ्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर आमदारांचं नाव होतं, देवाजीच्या डाव्या हातचं. इतकी वर्षं माझ्या बायकोला त्याबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. परवा विचारलं. ती चुना कालवून आली आणि दोन हात देऊन भिंत पांढरी केली. वाळल्यावर मी गेरू घेतला आणि कडेने रेघ ओढायला लागलो. दोरी धरूनही वाकडी झाली, कोपऱ्यात तर पार घसरली. देवाजी असता तर सायकलवरूनच हसला असता... काल प्रचाराची एक गाडी दारात थांबली. कुठल्या गटाची, दुपट्ट्यावरून कळत नाही. खाली उतरलेल्या माणसाच्या हातात बांबू होता. त्याने रेघ पाहिली, आत काही लिहिलेलं नाही हे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कोनाची हाय हे भिंत?" मी तोंड उघडणार तोच माझी बायको चुन्याने फुटलेले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. "मायी," ती म्हणाली.