बांगड्याचा काटा

“अलीकडे समुद्रावर गेली होतीस का?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“छे हो,” माझ्याआधी आईच म्हणाली. “ही ऑफिस सोडून कुठं जातेय!”

मॅडमनी कल्चरचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. कल्चर म्हणजे जखमेतला पू घेऊन लॅबमध्ये त्यातले जंतू वाढवून बघणं. माझ्या बोटात व्हिब्रिओ सापडला होता. हा जंतू खाऱ्या पाण्यात राहतो.

“नाशिकमध्ये समुद्र कुठून आला? लॅबची गडबड दिसतेय. नमुना पुन्हा पाठवू, दोन दिवस जातील.” मग बोट उलटसुलट पाहत त्या हळू आवाजात म्हणाल्या, “सूज सांध्यापर्यंत आलीय. या बोटाकडे दोन दिवस आहेत की नाही, सांगता येत नाही.”

उजव्या हाताची तर्जनी.

मला खरं माहीत होतं. आधीच्या रविवारी नाशिक रोडला, ऑफिसातल्या स्नेहलच्या खोलीवर मी बांगडे साफ करत होते. ती मालवणची. “अगं, मासा आहे, मोबाइल नाही. घट्ट धर!” म्हणून हसत होती. घट्ट धरला आणि पाठीवरचा काटा बोटात गेला. नळाखाली धुतलं आणि पोटभर जेवलो.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बोट लाल झालं तेव्हा मी आईला सांगितलं, गुलाबाचा काटा लागला. बाबांच्या दाढदुखीतून उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन कॅप्सूल गुपचूप घेतल्या. मग कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गुलाब, हॉस्पिटलच्या केसपेपरवरही गुलाबच. आई प्रत्येक वेळी शेजारी होती.

रिपोर्टचा पुढचा भाग सेन्सिटिव्हिटीचा असतो. जंतू औषधाने मरत असेल तर एस, दाद देत नसेल तर आर. आईला इंग्रजी वाचता येत नाही. फाइल मीच वाचून दाखवायचे, हवी तेवढीच. त्या दिवशी माझं मीच वाचत होते. आर, आर, आर. अगदी तळाशी दोन एस.

“मासा,” मी म्हणाले.

“काय?”

“गुलाब नव्हता. मासा साफ करताना लागलं.”

“कुठला मासा?” आईने विचारलं. का विचारलं, तिलाही माहीत नसावं.

“बांगडा.”

कॅप्सूलचंही सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. “म्हणजे रिपोर्ट बरोबर आहे,” म्हणाल्या आणि लगेच फोन उचलला. दुपारी बोट उघडून साफ केलं. त्या दोनांतलं एक औषध शिरेतून सुरू झालं.

राउंडला त्यांनी समजावलं. “शिजवलेला मासा खा. जपायचं ते कच्चा हाताळताना. आपली औषधं सांडपाण्यातून समुद्रात जातात. तिथले जंतू त्यांना सरावतात आणि माशाबरोबर बर्फात बसून इथवर येतात.”

उजवा हात बांधलेला, त्यामुळे आई खिचडी भरवायची. माझ्याकडे न बघता. तिसऱ्या दिवशी घास पुढे करत म्हणाली, “गुलाब म्हणे! आपल्या गॅलरीत तुळस आणि कोरफड. मला तरी कळायला हवं होतं.”

मला हसू आलं, आणि मग बराच वेळ रडू.

बोट वाचलं. टोकाकडून पूर्ण वाकत नाही, पण मी हे त्याच हाताने लिहिते आहे. तुमच्यावर अशी वेळ आली आणि घरच्यांसमोर बोलवत नसेल, तर डॉक्टरांना म्हणा, दोन मिनिटं तुमच्याशी एकांतात बोलायचंय. मला ते सुचलंच नव्हतं.

शेवटच्या ड्रेसिंगला नव्या सिस्टर होत्या. पेन उघडून त्यांनी विचारलं, “काय लागलं होतं?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “बांगड्याचा काटा. आधी गुलाब लिहिलाय, तो खोडा.”