हळदीचा कागद

तेजाबाला माझ्या मावशीच्या यजमानांइतक्या अदबीनं वागवणारा माणूस साऱ्या सांगलीत दुसरा झाला नाही. लढाई संपून फौजी घरी परतू लागले, तेव्हा ज्याला त्याला दारावर नावाची पितळी पाटी हवी होती, आणि त्या पाट्या काका करत. पितळेवर मेण चढवायचं, सुईनं त्यात अक्षरं कोरायची आणि वर तेजाब ओतायचं. उघडं पडलेलं पितळ ते खाऊन टाकी. पाटी हाती देताना हवालदारापेक्षा काकाच ताठ उभे राहत.

तेजाब ते विरजणासारखं राखत. बरणीत जुन्यातलं थोडं ठेवून त्यावर नवं घालत. कोरं तेजाब आडदांड, अक्षरांच्या कडा कुरतडतं, असं त्यांचं म्हणणं. पातळ करताना आधी पाणी, मग तेजाब, हा नियम इतका अंगात मुरलेला की पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून ते म्हणत, "आधी पाणी, मग तेजाब," आणि मावशीचा चहा मागवत. "तेजाब म्हणे! चार कप पिता की रोज," आतून मावशी.

पण खरा सोहळा थकलेलं तेजाब टाकण्याचा. परसातल्या विहिरीवर आळीतली सात घरं पाणी भरत. काका ते तेजाब मातीच्या कुंडीत घेऊन त्यात विरवलेला चुना चिमटीचिमटीनं घालत, निळा साका खाली बसू देत आणि वरच्या पाण्यात हळद चोळलेला कागद बुडवत. पिवळाच राहिला तर पुन्हा चुना. लाल झाला की तेजाब मेलं. तोवर जेवायला उठत नसत. "झालं का लाल?" पानं वाढून मावशी विचारी. एकदा कोरेगावचे एक सुभेदार पाटीसाठी ताटकळून म्हणाले, "आवं काका, वता की गटारात! कोण बघतंय?"

"सुभेदार, तुमचं नाव पाटीवर हाय. हिरीत माझं जाईल. बसा गप."

सुभेदार बसले.

गेल्या महिन्यात काका गेले. जाण्याआधी मला एवढंच म्हणाले, "ती बरणी इसरू नगंस रं." तेराव्यानंतर आष्ट्याचे पाहुणे म्हणाले, ओढ्यात ओतून मोकळा हो. मी कुंडी काढली. मी पुस्तकातला माणूस, काकांचे शब्द पुटपुटत गेलो. आधी पाणी, मग तेजाब, मग चुना. पहिला कागद पिवळा. दुसराही पिवळा. ऊन डोक्यावर आलं. स्वयंपाकघरातून सवयीनं हाक आली, "झालं का लाल?" आणि मग मावशी स्वतःच दारात येऊन उभी राहिली.

तिसरा कागद कुंकवासारखा लाल निघाला. मी तो मावशीच्या तळहातावर ठेवला.  ती पदरानं डोळे पुसून, विहिरीवर घागर भरत असलेल्या शेजारणीला तो दाखवायला घेऊन गेली.