टाचणीचा बोळ

पडदा वर जातो. समोर एक लांबट खोली. डावीकडे गजांची खिडकी, तिच्यावर पाटी: ‘नक्कल विभाग’. खिडकीखाली कित्येकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली फळी. उजवीकडे बाक, त्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली विटेचा तुकडा. वर पंखा आहे. तो फिरतो, पण वारा देत नाही. गजांच्या आत एक कारकून. बाहेर खांद्याला कापडी पिशवी लावलेली, पांढरे केस घट्ट बांधलेली, किडकिडीत बाई. पहिलं वाक्य तिचं.

“अहो साहेब, कोर्ट तुमचं, निकाल तुम्ही दिलेला, आणि तो कुठे ठेवलाय हे मी सांगायचं?”

कारकुनाने मान वर केली नाही. “दाव्याचा नंबर सांगा. त्याशिवाय नक्कल मिळत नाही.”

“नंबर कुठे मिळेल?”

“निकालाच्या नकलेवर असतो की.”

“मग नक्कल द्या.”

“त्याला नंबर लागेल.”

मी मागे त्या बाकावर बसलो होतो. जन्मभर रंगभूमीवर कामं केली, पण इतक्या सफाईने फेकलेले आणि झेललेले संवाद फार थोड्या वेळा ऐकले. टाळी द्यावीशी वाटली. पण टाचणी वळून माझ्याकडे बघत होती, म्हणून हात खिशातच ठेवले.

टाचणी म्हणजे आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारी बाई. ओठांत सदा टाचण्या धरलेल्या असत, त्यावरून हे नाव पडलं. त्या काढून बोलू लागली की मग जास्तच शोभायचं. मी राजांची कामं करायचो, म्हणून ती मला ‘राजे’ म्हणायला लागली, ते आजतागायत. “राजे, पोट आत घ्या, बटण लागत नाहीये,” असं ऐन विंगेत म्हणायची. पुढच्याच क्षणी माझ्या गर्जनेने पहिल्या रांगेतली मुलं रडायला लागायची. कंपनी बुडाली, आम्ही पांगलो. टाचणीने एक शिलाई मशीन घेतलं आणि थोरल्या बहिणीबरोबर राहत्या खोलीतच शिवणकाम सुरू केलं.

सगळं रामायण त्या खोलीवरून. रस्त्याला लागून दुमजली इमारत, तिच्या मागे टाचणीची खोली. जायला-यायला इमारतीच्या कडेने एक बोळ. समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एवढाच रुंद. फार वर्षांपूर्वी तेव्हाच्या मालकाने तो बंद करायला घेतला, तेव्हा मागे राहणाऱ्या सगळ्यांनी मिळून दावा लावला आणि जिंकला. बोळ कायम मोकळा राहील, असा कोर्टाचा हुकूम झाला. पुढे बाकीची बिऱ्हाडं एकेक करून गेली. उरल्या या दोघी बहिणी.

आता ती इमारत एका फरशीवाल्याने विकत घेतली. त्याने बोळाच्या तोंडाशी लोखंडी दरवाजा बसवला. दुकान उघडं तोवर दरवाजा उघडा, दुकान बंद की त्याला कुलूप. मग म्हणाला, महिनाअखेर तिथे भिंतच घालतो, मला खोकी ठेवायला जागा हवी. माणूस इतका गोड की त्याच्याशी भांडायचीही सोय नाही.

“मावशी, कोर्टाचा कागद आहे म्हणता ना? दाखवा, लगेच दरवाजा काढतो. माझं काय वैर आहे तुमच्याशी?”

कागद होता इस्त्रीवाल्याकडे. तोही त्याच बोळात राहायचा. त्याची लाकडी पेटी वाळवीने खाल्ली, आणि पुढे तोही गेला. वकील त्याच्या आधीच गेले. त्यांच्या ऑफिसात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

टाचणी एकटी असती तर तिने भिंतीलाही जुमानलं नसतं. शेजारच्या इमारतीचा जिना चढून, गच्ची ओलांडून, पलीकडे उतरून ती या वयातही रस्त्यावर येते. पण ताईचे गुडघे गेलेले. ताई चाकांच्या खुर्चीतून बोळातून बाहेर पडते, कोपऱ्यावरच्या झाडाखाली बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांची उणीदुणी काढते आणि घरी जाऊन धाकटीला सगळं साभिनय सांगते. खुर्ची काही गच्चीवरून जात नाही. भिंत उभी राहिली की ताई आत, आणि ती कायमची. गुडघे तेवढे गेलेत, बाकी कान असे की शेजारच्या घरात टाचणी पडली तरी विचारेल, “कुणाची गं पडली?”

तर नंबर. दाराशी एक काचेच्या पडद्याचं यंत्र उभं होतं, त्यावर लिहिलेलं: ‘सर्व माहिती एका बोटावर’. टाचणीने रुमालाने काच पुसली आणि बोट लावलं. यंत्राने नंबर विचारला.

“जुने दावे त्यात चढवलेले नाहीत,” पहारेकरी म्हणाला.

“मग ‘सर्व माहिती’ कशाला लिहिलंय?”

“मावशी, मी पाटी रंगवली नाही. मी फक्त राखतो.”

परत खिडकी. कारकुनाला दया आली असावी, किंवा जेवणाची सुट्टी जवळ आली असावी. “निदान वर्ष तरी सांगा. नोंदवही काढून बघतो.”

“वर्ष? जांभळ्या अंगरख्याचं,” टाचणी म्हणाली.

कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली.

त्यात काही चूक नव्हती. टाचणीच्या डोक्यात सन नाहीत, कपडे आहेत. मलाही तो दिवस पाठ होता. निकाल ऐकून ती कोर्टातून धावत थेट थिएटरात आली, अंगरख्याला बटणं लावायला वेळच उरला नव्हता, आणि मी पहिला अंक टाचण्यांवर काढला. श्वास घेतला की टोचायचं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने लिहिलं, राजाची वेदना काळजाला भिडते! त्या नाटकाची जाहिरात मी जपून ठेवली आहे. तिच्यावर सन होता. आम्ही तो घेऊन आलो.

कारकुनाने नोंदवही काढली. वहीत दावा नाही. “उद्या या, दुसरी वही बघतो.” उद्या साहेब रजेवर. परवा वही बांधणीला गेलेली. ती आली तेव्हा खिडकी तपासणीसाठी बंद. इकडे फरशीवाल्याच्या दारात वाळू येऊन पडली. शेवटी कारकुनाने अलीकडची-पलीकडची वर्षंही चाळली, वही मिटली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “दावा दाखल कधी झाला होता?”

“दाखल? तो बराच आधी. कोर्टच ना ते, निकाल लागायला कितीतरी वर्षं गेली.”

“मग असा सापडणार नाही हो. वह्या दाखल झालेल्या वर्षाच्या असतात. तुम्ही निकालाचं वर्ष दिलंत.”

“तुम्ही वर्ष मागितलंत. मी वर्ष दिलं.”

“कोणतं हवंय ते विचारायचं होतं.”

टाचणी येऊन माझ्या शेजारी बसली. बाक डुगडुगला. “राजे,” ती म्हणाली, “आत्ता ओठांत टाचण्या असत्या ना, तर बरं झालं असतं. तोंड तरी बंद राहिलं असतं.”

दाखल झाल्याचं वर्ष ताईने सांगितलं. “ठिगळांच्या कोटाचं! वकील सही घ्यायला आले, तर तू भिकाऱ्याच्या कोटाच्या नादात त्यांच्याच बाहीचं माप घेतलंस. गरीब माणूस, हात वर करून उभा राहिला.” मी घरी जाऊन पुन्हा जाहिराती उपसल्या. मिळाला सन.

आता सापडेल, म्हणून टाचणी इस्त्रीची साडी नेसून आली.

“नाव?” कारकुनाने पुन्हा विचारलं. तिने सांगितलं. त्याने सूची वरपासून खालपर्यंत पाहिली. “तुमच्या नावाचं काही नाही. दाव्यात बरेच जण होते का?”

“बोळातले सगळेच.”

“सूचीत फक्त पहिल्या वादीचं नाव असतं. अमुक आणि इतर. तुम्ही इतरांत असाल.”

“मी इतर?” टाचणीने फळीवर हात आपटला. “त्या बोळासाठी तारखांना मी गेले, साक्ष मी दिली, वकिलांच्या कोटाचं अस्तर मी फुकट बदललं, आणि मी इतर?”

“पहिला कोण होता?”

“इस्त्रीवाला.”

“नाव?”

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. कंपनीचे सगळे कपडे त्या माणसाने आयुष्यभर इस्त्री केले, माझ्या राजेपणाची कडक घडी त्याच्या हातची. त्याच्या घरी आम्ही किती वेळा चहा प्यायलो असू. नाव विचारायची वेळच कधी आली नाही. हाक मारली की तो यायचा.

त्याचं दुकान आता भाचा चालवतो. आम्ही गेलो तेव्हा तो शर्टावर पाणी शिंपडत होता.

“तुझ्या मामाचं नाव काय रे?”

“मामाचं? मामाच म्हणायचो आम्ही.”

“अरे, पण कागदावर काही असेल ना!”

“असणारच. आजी त्याला बाळ म्हणायची.”

“कोर्टात बाळ चालत नाही,” टाचणी म्हणाली. “आता मी रडेन हं, सांगून ठेवते. तुझ्या त्या शर्टावर रडेन.”

भाच्याने इस्त्री उभी केली, डोकं खाजवलं आणि खिळ्याला अडकवलेल्या कागदांतून एक ओढला. “लाइटचं बिल अजून त्याच्याच नावाने येतं. बदलायचं राहूनच गेलं.”

त्यावर पूर्ण नाव होतं, भारदस्त, एखाद्या सरदाराला शोभेल असं. टाचणी ते दोनदा वाचून म्हणाली, “एवढं नाव होतं मेल्याचं आणि कधी बोलला नाही.” मग भाच्याला तंबी दिली, “माझं काम होईपर्यंत बिल बदलू नकोस.”

“इतकी वर्षं नाही बदललं, आता घाई कशाला करू?”

त्या नावाने दावा सापडला. नंबर मिळाला. अर्ज भरला, तिकीट लावलं, आणि कारकुनाने अर्ज रेकॉर्ड रूमकडे पाठवला. दोन दिवसांनी आम्हालाच तिकडे पाठवलं. तळघरासारखी खोली, जमिनीपासून छतापर्यंत लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे, आणि त्यांच्यामध्ये नाकातोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस शिडीवर.

“नंबर आहे, दाखल वर्ष आहे,” टाचणीने खालून सांगितलं. “पहिल्या वादीचं नाव आहे. हवं तर त्याचं लाइटचं बिल आहे.”

“ते ठीक आहे,” तो वरून म्हणाला. “निकाल कोणत्या वर्षी लागला?”



“का?” टाचणीने अगदी हळू विचारलं.

“गठ्ठे निकालाच्या वर्षाने लावतो आम्ही. दाखल वर्ष आम्हाला काही उपयोगाचं नाही.”

मी दोन पावलं मागे सरलो. मला हा आवाज माहीत होता. एकदा आमच्या नायकाने नव्या शालूवर उसाचा रस सांडला होता, तेव्हा ऐकलेला.

“जांभळा अंगरखा!” टाचणी ओरडली. “पहिल्या दिवसापासून सांगतेय मी! जांभळा अंगरखा, जांभळा अंगरखा! वर ते नको म्हणाले, खाली तुम्हाला तेच हवंय! एकाच घरात राहता ना रे तुम्ही? जेवताना तरी एकमेकांशी बोलता की नाही?”

शिडीवरच्या माणसाने रुमाल खाली ओढला. “बाई, वर्ष सांगा ना.”

मी सांगितलं. त्याने शिडी सरकवली, गठ्ठा खाली घेतला, फडकं सोडलं, आणि थोड्या वेळाने म्हणाला, “आहे.” एवढंच. महिनाभराच्या पायपिटीला एक शब्द.

नक्कल हाती पडली त्या दिवशी शिक्क्याची शाई अजून बोटाला लागत होती. आम्ही रिक्षाने थेट बोळाशी आलो. तिथे विटा रचलेल्या, सिमेंट कालवलेलं, आणि गवंडी हातात दोरी घेऊन नुसता उभा. कारण बरोबर दरवाजाच्या मधोमध ताई खुर्ची लावून बसली होती. सकाळपासून.

“हिला उठवता येत नाही,” गवंडी मालकाला सांगत होता.

“मला उठताच येत नाही,” ताई म्हणाली. “गुडघे गेलेत.”

टाचणीने पिशवीतून नक्कल काढून फरशीवाल्याच्या हातात दिली. त्याने वरचा शिक्का पाहिला, खालचा शिक्का पाहिला, आणि प्रसन्न हसला.

“अहो मावशी, झालं की मग! मी म्हटलंच होतं, कागद असेल तर माझी काही हरकत नाही.” गवंड्याकडे वळून म्हणाला, “विटा उचल रे. आणि दरवाजा आजच काढून टाक.” मग नक्कल तशीच घडी करून तिच्यापुढे धरली. “ठेवा जपून. एवढ्यासाठी कशाला इतकी दगदग केलीत? नुसता नंबर सांगितला असतात तरी चाललं असतं.”

नंबर. ताईनेसुद्धा डोळे मिटून घेतले.

“वाचा,” टाचणी म्हणाली.

“वाचायचं काय त्यात? शिक्का आहे ना. आणि चष्मा आत राहिलाय.”

टाचणी दुकानात शिरली. गल्ल्यावरचा चष्मा उचलला, रुमालाने दोन्ही काचा पुसल्या, आणि बाहेर येऊन त्याच्या नाकावर बसवला. माझा मुकुट बसवायची ना, अगदी तसा. दोन्ही हातांनी, जरा दाबून. मग विटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. फरशीवाला मुकाट्याने बसला, घडी उलगडली आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत वाचू लागला. मागे गवंडी दरवाजाचे स्क्रू पिळत होता.

टाचणीने कागदावर बोट ठेवून त्याला थांबवलं.

“मोठ्यानं वाचा. आमच्या ताईला कमी ऐकू येतं.”