कानसलेला काठ

दुकानाच्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे दिव्याखाली भिंग घेऊन वहिनी अकरा वर्षं बसत होत्या. नाण्यांची पारख खरं तर त्यांच्या नवऱ्याची. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा तेवढी शाबूत राहिली. मग त्यांनी अंथरुणावरूनच बायकोला सगळं शिकवलं. दुकान आणि वरची राहती जागा मात्र धाकट्या दिराच्या नावावर होती.

टांकसाळीत चुकलेलं नाणं म्हणजे घबाड, असं ऐकून लोक चिल्लर घेऊन यायचे. दहातली नऊ नाणी चाकाखाली चेंगरलेली निघायची. ओरखड्याने धातू सरकतो आणि कडेला बारीक बांध उठतो. टांकसाळीतच राहिलेल्या चुकीला तो नसतो. वहिनी हे भिंगातून दाखवत. माणूस हिरमुसायचा, पण हुज्जत घालायचा नाही. वहिनींची चिठ्ठी असली की लोक डोळे झाकून नाणं घेत.

एकदा दिराने पाच नाणी पुढे ठेवली. पाचही एका बाजूने चावा घेतल्यासारखी. टांकसाळीत चकती कापतानाच तुकडा गेला असेल, तर बरोबर समोरचा काठही दबका उठतो. इथे तो ठणठणीत होता. वहिनींनी मान वर केली. दिराच्या अंगठ्याला पितळेचा भुगा चिकटला होता.

"ही कानसलेली आहेत, भावजी."

"माहीत आहे. तुम्ही फक्त चिठ्ठी लिहा." मग मऊ आवाजात म्हणाला, "दादाला मालीश करायला माणूस येतो ना? तो येत राहावा, असंच वाटतं मला."

वहिनींनी लिहिली. नवऱ्याला घास भरवताना ते विचारत, आज काय आलं. त्या काहीबाही सांगत. पुढच्या महिन्यात आणखी सहा आली. त्यांचीही चिठ्ठी लिहिली.

मग एका दुपारी बसचे एक निवृत्त कंडक्टर आले. त्या कानसलेल्यांतलं एक नाणं त्यांनी घेतलं होतं. नातीला द्यायचंय, चूक ओळखायची कशी तेवढं शिकवा, म्हणाले. वहिनी उठून पुढे आल्या, गिऱ्हाइकांच्या देखत नाणं उजेडात धरलं.

"चूक माझी आहे. हे कानसलेलं आहे, आणि मी खोटं लिहून दिलं."

दिराने मुकाट पैसे परत केले. वहिनी वर गेल्या, कपडे पिशवीत भरले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "बहिणीकडे जाऊ तुझ्या." वहिनींना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

पण दिराने त्यांना काढलंच नाही. स्वतःच्या दुकानाविरुद्ध खरं बोलणारी बाई, असा बोलबाला झाला आणि आठवड्यात गर्दी दुप्पट झाली. दिराने कानस फेकून दिली. भावासाठी जास्त शिकलेला माणूस लावला, सकाळ-संध्याकाळ.

"तुम्ही गेलात तर दुकान बसेल, वहिनी," तो म्हणाला. बोलण्यात खरा आदर होता. दारात तो हात आडवा लावून उभा होता.

बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि नव्या माणसाच्या हाताखाली नवऱ्याची दोन बोटं हलू लागली होती. ते कौतुकाने पुन्हापुन्हा दाखवत. जायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

वहिनी खाली उतरल्या. मागच्या खोलीबाहेर सात माणसं बसली होती. पहिल्याने मूठ उघडली.