सोळा पाकिटं आणि एक गोलकीपर

आमच्या घरात बाराखडीचं पुस्तक उशिरा आलं, पत्रकं आधी आली. वडील सातपूरच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे आणि वाटून उरलेली पत्रकं घरी आणायचे. आई ती डब्यांच्या तळाशी अंथरायची आणि मी डबे उपसून ती वाचायची. त्यामुळे मला 'नमस्कार'च्या आधी 'निषेध' लिहिता आलं. पूर्णविराम म्हणजे दम संपलेलं उद्गारचिन्ह, असंही मला बरीच वर्षं वाटत होतं.

वडिलांच्या पिढीतल्या कामगारांनी एक फुटबॉल संघ काढला होता. त्यांचे गुडघे गेले, संघ राहिला. गेली काही वर्षं मी त्याची सेक्रेटरी आहे. मला चेंडू मारता येत नाही, पण भांडता येतं, आणि आमच्या संघात दुसऱ्या कौशल्याची टंचाई जास्त होती. या संघाची एक रीत आहे. सामना संपला की स्टीलच्या पातेल्यात सोळा पाकिटं ठेवायची. प्रत्येकात पाचशे रुपये, पाकिटावर नाव नाही. दोन गोल मारणारा आणि बाकावर बसून शेंगदाणे खाणारा, दोघांनी हात घालून एक एक उचलायचं. या पातेल्याचा आम्हाला इतका अभिमान होता, की करंडक नाहीत याचं दुःख फारसं जाणवायचं नाही.

करंडक असायचे बिल्डरकडे. शहरातल्या एका बिल्डरचा संघ होता. तो मुंबईहून, गोव्याहून खेळाडू आणायचा, त्यांना खोल्या द्यायचा, एकाला तर स्कूटर दिली होती. आमच्या लीगमध्ये बाकीचे संघ दुसऱ्या क्रमांकासाठी खेळायचे. गेल्या वर्षी माझं डोकं फिरलं. मी पत्रक लिहिलं : 'पैशाचा फुटबॉल बंद करा!' मागणी अशी, की कुठल्याही संघाने एका सामन्याला खेळाडूंवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. पत्रकाची शेवटची ओळ होती, 'आपल्या घामाचा भाव आपणच ठरवा!' ती मागणीशी कुठे जुळते ते मला सांगता आलं नसतं, पण आमच्या घरी शेवटच्या ओळीवाचून पत्रक छापत नाहीत.

लीगची बैठक झाली. कोणीतरी विचारलं, "मर्यादा किती ठेवायची?"

"आठ हजार," मी ताडकन म्हणाले. सोळा गुणिले पाचशे. आमच्या मापाचा सदरा शिवून मी सगळ्या शहराला घालायला निघाले होते.

मग मी कलम जोडलं, की स्कूटर, खोली, जेवण, बूट, गाडीभाडं, बुडालेली मजुरी, खेळाडूच्या हाती जे जे जाईल ते सगळं त्या आठ हजारांत मोजायचं. बिल्डरला पळवाट राहू द्यायची नव्हती. टाळ्या पडल्या. बिल्डरच्या संघाचा मॅनेजर टाळ्या वाजवण्यात सगळ्यांत पुढे होता. तो सटाण्याकडचा. वीसेक वर्षं कांद्याची अडत केलेला, ढीग बघून आतला माल ओळखणारा माणूस. टाळ्या थांबल्यावर तो माझ्याकडे वळला.

"ताई, तुमना गोलकीपर पेठकडून येतो ना? त्याचं भाडं कोण देतं?"

मी वही उघडली.

"आणि खाड्याचे पैसे?"

मी वही मिटली.

"नियम तुमनाच शे ना ताई? मंग मोजा की."

आमचा गोलकीपर पेठच्या डोंगरातला. पस्तिशीकडे झुकलेला, हडकुळा, हात मात्र लांबच लांब. ऑक्टोबरपासून तो दिंडोरीकडे द्राक्षबागांत छाटणीला यायचा. छाटणीचं काम टोळी उक्तं घेते, एकराच्या भावाने. टोळीतला एक माणूस रविवारी फुटबॉल खेळायला गेला तर त्याचं काम बाकीच्यांच्या अंगावर येतं. म्हणून तो गावातल्या एकाला आपल्या जागी उभा करायचा आणि त्या माणसाची आठशे रुपये मजुरी आमचा संघ भरायचा. वर दोनशे भाडं. एकूण हजार. हे हजार रुपये मी वर्षानुवर्षं वहीत लिहीत आले होते, पण 'मानधन' या पानावर नाही, 'इतर खर्च' या पानावर. लिंबू, बर्फ, मैदानावर मारायची फक्की, आणि त्याखाली गोलकीपरचा खाडा, पुढे त्याची सही. मर्यादा ठरवताना मी मानधनाचं पान उघडलं होतं. फक्कीचं पान उघडायचं सुचलंच नाही.

तर संघ हजाराने वर गेला. बुधवारी संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर सभा घेतली. गोलकीपर नव्हता. बुधवारचा खाडा कोणी भरत नाही. मला तीन मार्ग दिसत होते. एक, सगळ्यांची पाकिटं माणशी बासष्ट रुपयांनी कमी करायची. दोन, दोन राखीव खेळाडू कमी करायचे. तिसरा मी मोठ्याने म्हटला नाही.

"बासष्ट रुपयांचा प्रश्नच नाही गं," आमचा स्ट्रायकर म्हणाला. तो क्लासमध्ये गणित शिकवतो आणि बासष्ट रुपयांचा प्रश्न नेमका कधी असतो हे त्याला चांगलं कळतं. "प्रश्न तत्त्वाचा आहे. पाचशे म्हणजे पाचशे. आज बासष्ट, उद्या शंभर. तूच शिकवलंस ना, मिळवलेलं सोडायचं नाही?"

"मग दोन राखीव कमी करू."

"म्हणजे मी?" बाकावरचा एक जण उठला. "मी बसतो, पण मनापासून बसतो! चार वर्षं बसलोय! एवढं कोणी बसून दाखवा!"

हशा झाला. मग कोणीतरी म्हणालं, गोलकीपरदादा चांगला माणूस आहे, समजून घेईल, एक वर्ष खाडा-भाडं नाही घेतलं तर नाही का चालणार? सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. तत्त्वही वाचलं, बासष्ट रुपयेही वाचले. हात वर झाले. माझा झाला नाही. विरोधातही झाला नाही. मी इतिवृत्त लिहीत होते. सभेत पेन हातात ठेवण्याचा हा मोठा फायदा असतो.

निरोप द्यायला मला पाठवलं. दिंडोरीजवळच्या बागेत तो हातात कात्री घेऊन ओळीतून पुढे सरकत होता. कट् कट् आवाज, खाली काड्यांचा खच. मी लांबण लावली. मर्यादा, कलम, माणशी बासष्ट रुपये, सर्वांचं हित, एकच वर्ष. तो ऐकता ऐकता काड्या कापत राहिला.

"म्हंजी फुकट यायचं?" त्याने विचारलं.

"फुकट नाही दादा, पाचशेचं पाकीट आहेच की."

"आन् माझ्या जागी उभा ऱ्हातो त्याला आठशे कुठून देऊ, भाड्याचे दोनशे कुठून? ते पैसे माझे नायच ताई. माझ्या हातून नुस्ते जात्यात." त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "मला खेळायचं हाय. लय खेळायचं हाय. आठवडाभर खाली वाकून काड्या बघायच्या, एक दिस वर बघायला भेटतं. पण घरून पाचशे घालून मी खेळाया येऊ का?"

पत्रकांच्या भाषेत या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्न पत्रकांतलाच होता. नेहमी तो आम्ही मालकांना विचारायचो.

"बरं," तो म्हणाला आणि पुढच्या वेलीकडे सरकला. त्याचं आमच्या संघातलं नाव तिथेच, त्या ओळीत कापलं गेलं.

पहिल्या सामन्यात आमच्या गोलमध्ये तो मनापासून बसणारा उभा राहिला. मनापासून पाच गोल खाल्ले.

दुसऱ्या रविवारी बिल्डरचा संघ मैदानात उतरला आणि मला चहाचा ठसका लागला. गोव्याचे, मुंबईचे बहुतेक चेहरे गायब. दोघे नावाजलेले ठेवले होते, बाकी कॉलेजची पोरं, जी जर्सी आणि मिसळीवर खेळायला तयार असतात. आणि गोलमध्ये, लांबच लांब हात पसरून, आमचा गोलकीपर.

मी मॅनेजरला गाठलं. "हे काय आहे?"

"तुमनी कृपा," तो म्हणाला. "पैसे चिक्कार होते तेव्हा डोकं कोण चालवतो ताई? दिसला चकचकीत कांदा की घेतला. आता आठच हजार. मग बसून हिशेब केला. स्ट्रायकर गोल मारतो, तीन हजार मागतो. कीपर तेवढेच गोल अडवतो, त्याला कोणी भावच देत नव्हतं. पूर्ण बाजारात एवढा स्वस्त आणि टिकाऊ माल दुसरा नव्हता. तुम्ही तर त्याला फक्कीच्या पानावर लिहायच्या."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्यानेच सांगितलं. हसत सांगितलं."

त्याला अडीच हजार मिळत होते. मानधनाच्या पानावर. मर्यादा घालायच्या आधी बिल्डरने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. माझ्या नियमाने त्याला आमच्या संघातून घालवलं, आणि माझ्याच नियमाने त्याला पहिल्यांदा किंमत आली. यातलं दुसरं श्रेय घ्यायचा मला मोह झाला. मग पहिलं आठवलं.

डिसेंबरात त्यांच्याशी आमचा सामना झाला. आम्ही एक-शून्यने हरलो. आमच्या स्ट्रायकरने तीन वेळा एकट्याने आत घुसून मारला आणि तिन्ही वेळा त्या हडकुळ्या माणसाने काडी वेचावी तसा चेंडू वेचला. तिसऱ्या वेळी त्याने स्ट्रायकरला विचारलं, "मास्तर, बासष्ट रुपयं पुरले का?" एवढंच. स्ट्रायकर उरलेला सामना उजव्या बाजूला फिरायला आल्यासारखा खेळला.

नंतर गोलकीपर नळावर हातमोजे धूत होता. मी गेले.

"दादा, पुढच्या वर्षी परत या."

"किती?"

मी याला तयार होते. भाषण पाठ होतं : आमचं चुकलं, खाडा आधी काढून ठेवू, उरलेलं सगळ्यांत सारखं वाटू, तुम्हालाही. पण त्याने एका शब्दात विचारलं होतं, आणि भाषणाचं उत्तर चारशे अडतीस रुपयांच्या आसपास येत होतं.

"तुम्ही सांगा," मी म्हणाले.

त्याने हातमोजे पिळले. "तिकडं अडीच देत्यात. पण तिकडं कोण वळखीचं नाय, सामना झाला की गाडीत बसून जात्यात. तुमच्याकडं दोन घेईन. खाडा, भाडं माझं मी बघीन. आन् ते पातेल्यात हात घालायचं मला नाय आवडत. माझं पाकीट हातात द्यायचं. नाव लिवून."

"अठराशे करा ना, दादा. आपलाच संघ आहे."

हे मी म्हणाले. विचार करायच्या आधी, सहज, भाजीवालीला म्हणावं तसं. त्याने नळ बंद केला.

"बागेचा मालक पन असंच म्हनतो," तो म्हणाला. "आपलीच बाग हाय म्हनतो."

मी वही उघडली. मानधनाच्या पानावर सगळ्यात वर त्याचं नाव लिहिलं आणि पुढे दोन हजार. उरले सहा हजार, माणसं पंधरा. म्हणजे चारशे.

आता सभा बोलवायची आहे. स्ट्रायकर तत्त्वाचं बोलेल, बाकावरचा उभा राहील, आणि जुने लोक पातेल्याकडे बोट दाखवतील. या वेळी इतिवृत्त दुसऱ्या कोणाला लिहायला सांगणार आहे. मला हात वर करायचा आहे. वाटायला पत्रकही तयार आहे, अर्ध्या पानाचं. वडिलांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, छापखान्याने काही गाळलंय का? उद्गारचिन्ह एकही नाही.